बोस्टनचा चांभार आणि तळेगांवचा कुणबी

(चाकणच्या बाजूच्या एका गांवीं शेतकरी, कारागीर व कारखान्यांतील कामकरी मंडळींपुढें झालेलें भाषण)



आज आम्ही तुम्हांपुढें अमेरिकेची हकीकत सांगण्यास उभे राहिलों आहों. हें ऐकतांच मागच्या ओळींतील कांहीं मंडळींनीं एकमेकांकडे पाहिलें, तें आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं. चाकणच्या बाजारांत कांद्याला काय भाव मिळतो तें सोडून हे गृहस्थ सातासमुद्रापलीकडे कोठें निघाले, असें त्यांस वाटलें असेल. वाटणें साहजिक आहे. परंतु ही वाट आम्हीं काढलेली नव्हे. पुण्याच्या एका माळ्याच्या मुलानें ती पावणेदोनशें वर्षांपूर्वीं काढून ठेविली आहे. आम्ही त्याच वाटेनें थोडें पुढें जाणार आहों.

जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ चा. विशीच्या सुमारास, १८४७ सालीं, त्यांच्या हातीं टॉमस पेन या ग्रंथकाराचें मानवी हक्कांवरील पुस्तक पडलें. हा पेन कोणी सरदार नव्हता कीं विद्यापीठांतला शास्त्री नव्हता. इंग्लंडांत बायकांच्या ताठ कांचोळ्या शिवणाऱ्या कारागिराचा तो मुलगा, आणि स्वतः तोच धंदा शिकलेला. पुढें जकातीच्या खात्यांत नोकरी धरली, ती गेली. तेव्हां १७७४ च्या अखेरीस तो अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं जाऊन उतरला. सव्वा वर्षाच्या आंत, जानेवारी १७७६ मध्यें, त्यानें एक लहानसें पुस्तक छापलें व त्यांत राजा मुळीं हवाच कशाला, असा सरळ सवाल टाकला. एरिक फोनर नांवाच्या इतिहासकारानें १९७६ सालीं पेनवर एक ग्रंथ लिहिला आहे. पेनची भाषा लॅटिन वचनांनीं नटलेली नव्हती, फिलाडेल्फियाच्या कारागिरांना एकमेकांत वाचून दाखवितां यावी अशी ती होती, हें तो नीट उलगडून सांगतो. जोतीरावांची मराठी ज्यांनीं वाचली आहे, त्यांस हा दोघांतला सारखेपणा निराळा दाखवायला नको.

पुढें १८७३ सालीं जोतीरावांनीं ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केली. कां अर्पण केली? तर त्यांनीं काळ्या गुलामांना दास्यांतून मुक्त केलें म्हणून. येथें एक गोष्ट लक्षांत घ्या. अमेरिकेचें नांव काढलें म्हणजे मोठाले लोक वॉशिंग्टनचें नांव घेतात, जेफर्सनचें घेतात. सर्व माणसें समान आहेत असें १७७६ च्या जाहीरनाम्यांत लिहिणारा जेफर्सन आपल्या हयातींत सहाशेंहून अधिक गुलामांचा धनी होता. जोतीरावांचा नमस्कार तेथें गेला नाहीं. तो गेला १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद करणाऱ्यांकडे. दूरच्या देशाचा इतिहास वाचतांना नजर कोठें ठेवावी, हें त्यांस कोणीं शिकविलें नव्हतें, आणि तरी ती नेमकी बसली. मुक्त झालेल्या त्या काळ्या लोकांचे हक्क दक्षिणेकडील राज्यांत १८७७ नंतर पुन्हां एक एक करून हिरावले गेले, ही पुढची दुःखाची कथा आहे. आज तिच्यांत आम्ही शिरत नाहीं.

आज ज्या इतिहासकाराविषयीं आम्हांस सांगावयाचें आहे, त्याचें नांव आल्फ्रेड यंग. जन्म १९२५, मृत्यु २०१२. इलिनॉय प्रांतांत एका विद्यापीठांत तो शिकवीत असे. अमेरिकेच्या राज्यक्रांतीवर ग्रंथांचे डोंगर रचलेले असतां ह्यानें वेगळाच प्रश्न धरला. त्या क्रांतींत चांभारानें काय केलें? दोर वळणाऱ्यानें काय केलें? खलाशी, मोलकरीण, उमेदवारीवरचा पोरगा, हे त्या दिवशीं कोठें होते व त्यांच्या मनांत काय होतें? आणि क्रांति झाल्यावर त्यांच्या पदरांत काय पडलें? १९९९ सालीं त्याचें जें पुस्तक निघालें, तें सबंध एका चांभारावर आहे. २००४ चें एका विणकरीण बाईवर आहे. २००६ च्या पुस्तकाच्या नांवांतच सामान्य माणसें व अमेरिकन क्रांति हे शब्द आहेत. पुस्तकें इंग्रजींत आहेत, म्हणून त्यांतला ऐवज आम्ही आमच्या बोलींत तुम्हांपुढें मांडतों.

चांभाराचें नांव जॉर्ज रॉबर्ट ट्वेल्व्ह्ज ह्यूझ. जन्म बोस्टन शहरीं १७४२ सालीं. सात वर्षांचा असतां बाप वारला. चौदाव्या वर्षीं त्याला चांभाराच्या हाताखालीं बांधून दिला. हा धंदा त्यानें हौसेनें पत्करलेला नव्हता. गरिबांच्या पोराला जो धंदा स्वस्तांत मिळे तो हा. उंचीनें इतका ठेंगणा, कीं फौजेंत भरती व्हावयास गेला तेव्हां जोड्याला उंच टाचा ठोकून व मोज्यांत चिंध्या कोंबून गेला, आणि तरी परत पाठविला गेला. लिहिणें-वाचणें जेमतेम. लग्न झालें तें कपडे धुणाऱ्या बाईशीं. पंधरा मुलें झालीं. एक अंगरखा-विजारीचा जोड उधारीवर घेतला होता, त्याचें देणें फिटलें नाहीं म्हणून १७७० सालीं तुरुंगांत बसला. सावकाराच्या दारांत ज्यांच्या आजोबांनीं उन्हांत दिवस काढले, त्यांस ह्या माणसाची ओळख पटावयास वेळ लागणार नाहीं.

तरुणपणीं एकदां त्यानें जॉन हॅन्कॉक ह्या बोस्टनच्या बड्या श्रीमंताचा जोडा दुरुस्त करून दिला. हॅन्कॉकनें खूष होऊन नववर्षाच्या दिवशीं घरीं बोलाविलें. पोरगा गेला, चांगला पोशाख करून, पण पाय लटपटत. हॅन्कॉकनें पेला भरून दिला, वर एक नाणें दिलें. ह्या पोरानें तें घेतलें, आभार मानले आणि एकदांचा बाहेर सुटला. सत्तर वर्षांनीं, नव्वदी ओलांडल्यावर, ही गोष्ट तो सांगत होता. त्या दिवाणखान्यांतील आपली भीति त्याच्या मनांतून गेली नव्हती. पाटलाच्या वाड्यांत, सावकाराच्या ओसरीवर, साहेबाच्या केबिनींत ज्याचे पाय असे लटपटले नाहींत, असा आपल्यांत कोण आहे?

आतां १७७० सालचा ५ मार्चचा दिवस. इंग्रज राजाच्या शिपायांनीं बोस्टनच्या रस्त्यांत जमावावर गोळ्या झाडल्या. पांच माणसें मेलीं. हें भांडण पेटलें कसें? शिपायांचा पगार तुटपुंजा, म्हणून फावल्या वेळीं ते शहरांत कमी मजुरीवर कामें धरीत व शहरच्या मजुरांचा रोज खालीं येई. मार्चच्या २ तारखेस एक शिपाई दोर वळण्याच्या कारखान्यांत काम मागावयास आला. दोर वळणाऱ्यांनीं त्याला शौचकूप साफ करण्याचें काम देऊं केलें. अपमान झाला, मारामारी झाली, आणि तीन दिवसांनीं गोळ्या सुटल्या. शाळेंतल्या पुस्तकांत ह्या क्रांतीचें कारण कर आणि कायदे असें दिलेलें असतें, आणि तें खोटें नाहीं. परंतु त्या रात्रीच्या रक्तामागें मजुरीच्या दराचें भांडण होतें, हें कामकऱ्यानें विसरूं नये. आपल्या पट्ट्यांत कायम कामगार व कंत्राटी कामगार एकमेकांकडे कोणत्या डोळ्यांनीं पाहतात, हें तुम्ही रोज अनुभवतां.

मेलेले पांच कोण होते? एक दोर वळणारा. एक हाडाच्या व हस्तिदंताच्या वस्तु कातणाऱ्याच्या हाताखालचा सतरा वर्षांचा पोरगा. एक चामड्याच्या विजारी शिवणारा आयरिश. दोन दर्यावर्दी, पैकीं क्रिस्पस ॲटक्स हा काळ्या व मूळच्या रहिवाशांच्या रक्ताचा. दुसरा दर्यावर्दी कॉल्डवेल गोळी लागून पडला, तो ह्यूझच्या हातांवर. शिपायांच्या बाजूनें कोर्टांत उभा राहिलेला वकील पुढें अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. त्यानें ह्या जमावाचें वर्णन उनाड पोरें, काळे, आयरिश आणि खलाशी यांची खिचडी असें केलें. आणि पॉल रिव्हिअर नांवाच्या सोनारानें त्या गोळीबाराचें जें प्रसिद्ध चित्र कोरलें, त्यांत ॲटक्स काळा म्हणून ओळखूं येत नाहीं. शत्रूनें हिणविलें आणि मित्रानें पुसलें. पुसण्याची ही कला आपल्याकडे कांहीं कमी पिकलेली नाहीं.

१६ डिसेंबर १७७३. तीन गलबतांवर चहाच्या पेट्या. माल कोणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा! हीच ती कंपनी, जिनें पुढें १८१७ सालीं शनिवारवाड्यावर निशाण चढविलें. त्या रात्रीं ह्यूझनें एका लोहाराच्या दुकानांत शिरून कोळशाची पूड तोंडाला फांसली व गर्दींत मिसळला. त्याची शीळ जोरकस होती, म्हणून त्याला एका टोळीचा तांडेल नेमलें. गलबताच्या कप्तानाकडे जाऊन किल्ल्या व मेणबत्त्या मागून आणण्याचें काम ह्या ठेंगण्या चांभारानें केलें. तीनशें बेचाळीस पेट्या फोडून समुद्रांत लोटल्या गेल्या.

पुढच्याच महिन्यांत जकातीचा एक अंमलदार रस्त्यांत एका लहान मुलावर काठी उगारून उभा असलेला ह्यूझनें पाहिला. ह्यानें त्याला हटकलें. सभ्य गृहस्थांत बोलणारा तूं भटक्या कोण, असें म्हणून अंमलदारानें काठी ह्याच्याच डोक्यांत घातली. कवटी फुटली. ती खूण मरेपर्यंत डोक्यावर होती. लोकांनीं मग त्या अंमलदाराला डांबर फांसून वर पिसें चिकटविलीं व गाडींतून शहरभर फिरविला. असल्या प्रकाराचें कौतुक आम्हांस नाहीं, हें स्पष्ट सांगतों. त्या झुंडशाहीची ह्यूझलाही नंतर खंत वाटली असें यंग लिहितो.

आणि मग ती टोपीची गोष्ट. लढाईच्या दिवसांत हा एका गलबतावर चाकरीस चढला. त्या गलबताच्या अधिकाऱ्यानें रस्त्यांत त्याला टोपी काढून सलाम करण्यास फर्माविलें. ह्यूझनें टोपी काढली नाहीं. कोणाही माणसापुढें ती काढणार नाहीं म्हणाला, आणि तें गलबत सोडून दुसऱ्या गलबतावर गेला. बंधूंनो, हॅन्कॉकच्या दिवाणखान्यांत लटपटलेला पोरगा तो हाच! मधल्या काळांत काय घडलें? राजा बदलला, झेंडा बदलला, तें तर आहेच. यंगच्या मतें खरी क्रांति ह्या टोपींत आहे. ज्यांच्या आजोबांना चावडीपुढून जातांना पायांतला जोडा हातांत घ्यावा लागला, ज्यांच्या पणज्यांच्या तोंडीं ‘जोहार मायबाप’ होतें, त्यांस ही टोपी काय आहे तें आम्हीं सांगावें कीं काय?

क्रांतीनंतर ह्यूझच्या पदरांत काय पडलें? दारिद्र्य. गेला तसाच आला. म्हातारपणीं १८३२ च्या कायद्यानें जुन्या शिपायांना पेन्शन मिळूं लागली, तेव्हां वर्षाला साठ डॉलर सुरू झाले. मात्र त्या पेन्शनीसाठीं प्रत्येक म्हाताऱ्याला शपथेवर आपली चाकरी सांगावी लागे, आणि कारकून ती लिहून घेई. त्या अर्जांचे ढीग आज इतिहासकारांचें धन झाले आहेत. १८३४ व १८३५ सालीं ह्यूझच्या तोंडून ऐकून दोन माणसांनीं दोन पुस्तकें लिहिलीं. ही जर कोणी विचारपूस केली नसती, तर हा चांभार मातींत मिसळला असता, आणि यंगला दीडशें वर्षांनीं कांहींच सांपडलें नसतें.

येथें यंगचा एक शोध फार मार्मिक आहे. चहा बुडविल्याच्या त्या प्रकाराला जगभर ‘टी पार्टी’, म्हणजे चहाची मेजवानी, असें गंमतीचें नांव आहे. तें नांव त्या काळांतलें नव्हेच. साठ वर्षें लोक त्याला चहाचा नाश म्हणत. मेजवानीचें नांव छापून आलें तें १८३० नंतर. ज्या वर्षीं, म्हणजे १८३५ सालीं, बोस्टनच्या पुढाऱ्यांनीं म्हाताऱ्या ह्यूझला मिरवून आणला, त्याची तसबीर काढविली, त्र्याण्णव वर्षांच्या माणसाला शंभरीचा ठरविला, त्याच वर्षीं त्याच शहरांत सुतार, गवंडी व संगतराश दहा तासांच्या दिवसासाठीं संप करून बसले होते. म्हाताऱ्या चांभाराला हार आणि तरुण गवंड्याला नकार! मेलेल्या अथवा मरावयास टेकलेल्या बंडखोरावर प्रेम करण्यास पैसा पडत नाहीं. आपल्याकडे ११ एप्रिलला जोतीरावांच्या तसबिरीला हार घालणारे हात बारा एप्रिलला कोणतें काम करतात, हें पाहत चला.

आतां आपल्या मुलखांत या. बोस्टनांत तें चाललें होतें त्याच वर्षांत ह्याच कंपनीची फौज आपल्या दारांत आली होती. रघुनाथरावाला गादीवर बसविण्याच्या निमित्तानें मुंबईकर इंग्रज बोरघाट चढून वर आले. सुमारें चार हजार शिपाई, आणि ओझ्याला एकोणीस हजारांवर बैल! जानेवारी १७७९ मध्यें ते तळेगांवीं पोंचले, तों गांव ओस पडलेला, दाणावैरण नाहींशी केलेली, घरें जळालेलीं. पुढें चिंचवड आणि खुद्द पुणेंही जाळण्याची तयारी होती. उपासमारीच्या भीतीनें इंग्रजांनीं जड तोफा तळ्यांत ढकलल्या, सामान जाळलें आणि रात्रीं माघार घेतली. वडगांवीं ते कोंडले गेले व त्यांस तह लिहून द्यावा लागला. तो तह कंपनीनें पुढें मोडला, ही गोष्ट निराळी. पण इंग्रजी फौज शरण आली ती येथें, आपल्या कारखान्यांच्या धुरांड्यांपासून हांकेच्या अंतरावर. दोन वर्षांनीं अमेरिकेंत यॉर्कटाऊनला कॉर्नवॉलिस शरण गेला, आणि तोच कॉर्नवॉलिस १७८६ सालीं गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास उतरला. जग तेव्हांही एवढें लहान होतें.

वडगांवच्या लढाईचें नांव काढलें कीं महादजी शिंदे आठवतात, नाना फडणीस आठवतात. कार्ल्यास पडलेला तो इंग्रज स्टुअर्ट ‘इष्टुर फांकडा’ म्हणून आपल्या बायाबापड्यांच्या तोंडीं राहिला. शत्रूच्या कप्तानाचें नांव राहिलें! परंतु तळेगांवच्या ज्या कुणब्यानें आपल्या हातानें कणगी रिकामी केली, ज्या कुंभाराची भट्टी व ज्या तेल्याचा घाणा तेथें राहिला, ज्या बाईनें पोर कडेवर घेऊन जळत्या घराकडे पाठ फिरविली, त्यांतल्या एकाचें तरी नांव तुम्हांस ठाऊक आहे काय? इंग्रजांना तोफांनीं जेवढें हटविलें, तेवढेंच उपासानें हटविलें. तो उपास घडविण्यासाठीं कोणाच्या वर्षाच्या पोटाची राख झाली? त्यांस भरपाई मिळाली काय? ते एकोणीस हजार बैल कोणाच्या गोठ्यांतून सोडून आणले होते, भाड्यानें कीं धाकानें? यंग जर तळेगांवीं जन्मला असता, तर त्यानें आपलें सारें आयुष्य ह्या प्रश्नांवर घातलें असतें.

चाकणच्या किल्ल्याचेंही तेंच. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या फौजेपुढें फिरंगोजी नरसाळा सुमारें छपन्न दिवस झुंजला. त्याचें नांव सोन्याच्या अक्षरांनीं लिहावें असेंच आहे. परंतु बुरूज सुरुंगानें उडाल्यावर आंतल्या बाजूनें रातोरात मातीची भिंत उभी करणारे हात कोणाचे?

कोणी म्हणेल, आपल्याकडे कागद कोठें आहेत? आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारांत पेशवे दप्तराचे मोडी रुमाल आहेत. त्यांत गांवांचे झाडे आहेत, वतनाचे तंटे आहेत, बलुत्याच्या तक्रारी आहेत. राजेरजवाड्यांच्या पत्रांवर आजवर पुष्कळांनीं डोळे झिजविले. सुताराच्या तक्रारीसाठीं मोडी शिकणारे मोजकेच निघाले. आणि लिहिणें हें आपलें काम नव्हे ही समजूत तर साफ खोटी आहे. देहू येथून किती लांब? तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे ह्याच चाकणच्या बाजूचे, जातीनें तेली, आणि त्यांची समाधि सुदुंबऱ्यास आहे. त्यांच्या वह्या आज संशोधकांना ठाऊक आहेत. कुणब्याचे शब्द तेल्याच्या हातानें टिपून ठेविले गेले, आणि महाराष्ट्र त्यावर चारशें वर्षें जगला.

बायांनीं असें समजूं नये कीं हें सारें पुरुषांपुरतें आहे. यंगच्या २००४ च्या पुस्तकांतील डेबोरा सॅम्प्सन लहानपणीं परक्याच्या घरीं राबावयास ठेविलेली, पुढें मागावर विणणारी. १७८२ सालीं पुरुषाचा वेष करून फौजेंत शिरली व सुमारें सतरा महिने शिपाईगिरी केली. तिला पेन्शन मिळविण्यास पुढें बरींच वर्षें झगडावें लागलें. ती वारली १८२७ सालीं, म्हणजे जोतीरावांच्या जन्माच्या वर्षीं. आपल्या घरांतील ज्या आज्या खुरपणीच्या रोजावर, विडीच्या पानांवर किंवा कारखान्याच्या फाटकाशीं खानावळ चालवून संसार ओढीत आल्या, त्यांची साक्ष पुरुषांच्या साक्षीहून कमी मोलाची नाहीं. बहुधा ती जास्त नेमकी असते, कारण कोणत्या सालीं ज्वारी काय भावानें घेतली हें त्यांस पाठ असतें.

आतां एक कडू गोष्ट. आपल्यांत आपल्या कुळाचा इतिहास लिहिण्याचा नाद नाहीं असें नाहीं. तो आहे, पण उलट्या दिशेचा. जो तो आपली कुळी नेऊन कोणत्या तरी राजघराण्याशीं भिडवितो. पणजोबा नांगर धरीत होता हें सांगावयास लाज आणि त्याच्या पणजोबाचा पणजोबा सेनापति होता हें सांगावयास उत्साह! अशा वंशावळी पैसे देऊन करून मिळतात, हें आपण सारे जाणतों. म्हाताऱ्यांची आठवणही तपासून घ्यावी लागते. ह्यूझ सांगे कीं चहा बुडविण्याच्या रात्रीं हॅन्कॉक आपल्या खांद्याला खांदा लावून पेट्या फोडीत होता. यंगनें तपासलें. हॅन्कॉक तेथें असणें संभवत नाहीं असा त्याचा निर्णय झाला. पण त्यानें म्हाताऱ्याला खोटा ठरवून सोडलें नाहीं. आपण त्या रात्रीं बड्या माणसाच्या बरोबरीचे झालों, ही भावना त्या चुकीच्या आठवणींत साठली आहे, असें तो दाखवितो. तपासावें असें, आणि ऐकावें तेंही असें.

आणि ही सारी खटपट आतांच कां? कारण वेळ थोडा आहे. पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ झालें आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या रानांत शेडी उठूं लागल्या. १९७२ सालीं नवनगर प्राधिकरण आलें, तें २०२१ सालीं गुंडाळलें गेलें. मागाहून चाकणची पाळी आली. निघोजें, महाळुंगें, खराबवाडी, कुरुळी, खालुंब्रें ह्या गांवांचीं शिवारें यंत्रांखालीं गेलीं. ज्यांनीं पहिल्या जमिनी दिल्या किंवा ज्यांच्या घेतल्या गेल्या, तीं माणसें आज ऐंशी-नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांस एकराला काय मिळालें, विहीर-झाडांची मोजणी कोणीं केली, नोकरीचा शब्द कोणीं दिला व तो पाळला गेला कीं नाहीं, बलुतें बंद झाल्यावर लोहाराच्या मुलानें फोर्जिंगच्या हातोड्यापुढें पहिला दिवस कसा काढला, हें सांगणारे त्यांच्यामागून कोणी राहणार नाहींत. कागदांवरून एवढेंच कळेल कीं अमुक गट नंबरांतील अमुक हेक्टर संपादन झालें.

शेजारच्या मुळशीचें पाहा. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला. सेनापति बापटांचें नांव त्यामुळें घरोघर गेलें आणि तें योग्यच झालें. राजेंद्र व्होरा यांनीं त्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हां पुण्याच्या सावकार-जमीनदारांचे हितसंबंध आणि खुद्द मावळ्यांचें म्हणणें ह्यांतलें अंतर उघड झालें. पण तोंवर सत्तर वर्षें लोटलीं होतीं, आणि त्या बुडालेल्या गांवांतले बहुतेक तोंडी साक्षीदार संपले होते. ९ ऑगस्ट २०११ रोजीं पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध जमलेल्या शेतकऱ्यांवर बऊर येथें द्रुतगति महामार्गावर गोळीबार झाला, तींत तिघें गेलीं, एक बाई होती. पाणी हवें होतें तें ह्याच पिंपरी-चिंचवडला. बोस्टनच्या पांचांचा धंदा काय, कोण कोणाच्या हाताखालीं होता, हें अडीचशें वर्षांनीं आम्ही येथें उभे राहून सांगतों. बऊरच्या तिघांचें तसें सांगतां यावें, इतकें तरी मावळानें आजच लिहून ठेवावयास नको काय? आणि नळ उघडणाऱ्या शहरच्या कामकऱ्याला तें ठाऊक असावयास नको काय?

म्हणून आमची मागणी लहानशी आहे. घरांतील जुनी पेटी उघडा. सातबाराचे उतारे, फेरफार, कुळकायद्याचा निकाल, भूसंपादनाची नोटीस, वतनाचा कागद, पहिलें पगारपत्रक, संपाचें हँडबिल, बाजाराच्या पट्ट्या, आजीच्या हातची हिशेबाची वही, जें असेल तें. मूळ कागद कोणाच्याही हातीं देऊं नका, आमच्याही नाहीं. त्याचा फोटो येथें काढून घेऊं आणि कागद तेव्हांच परत न्या. म्हाताऱ्या माणसांना येथें यावयास जड जातें, त्यांच्या घरीं आमचीं दोन पोरें वही घेऊन येतील. सोबत घरचा नातू किंवा नात बसवा, म्हणजे ऐकणारे कान घरांतही राहतील. सांगणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय एक अक्षर छापलें जाणार नाहीं.

कामाचा दिवस रविवार ठरविला आहे. ही रविवारची सुटी आपोआप मिळालेली नाहीं, हें जातां जातां सांगतों. नारायण मेघाजी लोखंडे यांचें मूळ घराणें आपल्याच पुणें जिल्ह्यांतील कन्हेरसरचें. ‘दीनबंधु’ पत्र त्यांनीं मुंबईहून चालविलें, १८८४ सालीं गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांकडून ही आठवड्याची सुटी मिळविली. तेव्हां येत्या रविवारीं सकाळीं नऊ वाजतां मारुतीच्या देवळामागच्या पडवींत या. पहिली साक्ष कुंभारवाड्यांतील सर्वांत वडील आजींची आहे, त्यांस घेऊन येण्यासाठीं एक रिक्षा लागेल. ज्याची असेल त्यानें सभा सुटतांच आम्हांस गांठावें.